वाकड्या रेघेचा हिशेब

भांडण वीस लिटरवरून झालं. ३,१२० मधल्या शेवटच्या वीसवरून.

आमची नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातली चोवीस फ्लॅटची स्कीम. मी तिचा खजिनदार. दोन वर्षांपूर्वी मीटिंगला उशिरा पोचलो, तोवर माझी निवड होऊन गेली होती. एप्रिलच्या मीटिंगला विषय होता उन्हाळ्याच्या पाण्याचा. टँकर लावावा लागेल का, लागला तर कधीपासून. मी ऑफिसात अकाउंट्सला आहे, त्यामुळे तोंडी बोलण्याऐवजी एक्सेलमध्ये चार्ट केला आणि रंगीत प्रिंट काढून घेऊन गेलो. फेब्रुवारी ते जून, पाच स्तंभ. प्रत्येक स्तंभाचा खालचा निळा भाग घरगुती वापराचा: शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात, घरटी चार माणसं, चोवीस घरं, झाले १२,९६० लिटर. त्याच्यावर नारिंगी तुकडा कूलरच्या पाण्याचा. आणि वरून आडवी जाणारी एक काळी रेघ, नळ आणि बोअर मिळून रोज किती पाणी येतं त्याची.

काळी रेघ मीटरवरून घेतलेली होती. निळा भाग नियमातून आलेला. नारिंगी तुकडा मात्र असा जन्मला: आमच्या कूलरमध्ये रोज किती बादल्या ओततो ते मी चार दिवस मोजलं, सहा निघाल्या. बादली तेरा लिटरची. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. मग खाली गेटपाशी उभं राहून बाल्कन्या आणि खिडक्या मोजल्या, कूलर दिसले चाळीस. चाळीस गुणिले अठ्ठ्याहत्तर, ३,१२०. मार्चला त्याच्या निम्मं, जूनला पाऊणपट, फेब्रुवारीला शून्य.

३०१वाल्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "तीन हजार एकशे वीस. हे वरचे वीस कुठून आले भाऊ? लिटर-लिटर मोजून राहिले होते का तुम्ही?"

"अंदाज आहे हो."

"अंदाज असा राहते का? हे तर छापील आहे."

पुढची चाळीस मिनिटं कोणाकडे किती कूलर, त्यातले चालतात किती, कोण रात्रभर पंप चालू ठेवून झोपतं, कोण नळी लावून गाडी धुतं, यात गेली. टँकर पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. सेक्रेटरींनी जाताना कागद मला परत दिला, तोही घडी घालून.

घरी येऊन मी आधी चिडलो आणि मग आठवलं की असाच मी स्वतः फसलो होतो. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमान दिसलं होतं. आकडा फोनभर फिरला, मीही चार जणांना पाठवला, आणि नंतर हवामान विभागानेच ती सेन्सरची चूक असल्याचं सांगितलं. नागपूरच्या माणसाला ४५-४६ नवे नाहीत, पण ५६ म्हणजे काय याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. यंत्रावर छापून आलं होतं ना. माझ्या नारिंगी तुकड्याचंही तेच. बादलीने मोजलेली गोष्ट मी पट्टीने आखून, सावली देऊन, खाली दशकापर्यंत आकडा लिहून लोकांपुढे ठेवली होती.

त्याच आठवड्यात जिन्यात ३०१वाले भेटले. पुन्हा तोच विषय. माझ्या हातात लाँड्रीची पावती होती, तिच्या मागे पेनाने मी तेच पाच स्तंभ काढून दाखवायला लागलो. वाकडेतिकडे. आणि बघता बघता त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, "नाही नाही, मार्चमधी इतकं नाही लागत, हे इथवरच," म्हणत माझा स्तंभ खोडून बुटका केला. आवाज न चढवता. मीटिंगमध्ये ज्या गोष्टीवर चाळीस मिनिटं गेली ती जिन्यात दोन मिनिटांत झाली.

आता कोणी म्हणेल, मग हातानेच काढायचा की चार्ट. काढला असता, पण आकडे दर आठवड्याला बदलणार होते, आणि माझं अक्षर असं आहे की बँकेने दोनदा सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवलेत. मला हवा होता एक्सेलचाच चार्ट, आकडा बदलला की स्वतः बदलणारा, फक्त पावतीच्या पाठीवर काढल्यासारखा दिसणारा. एवढंसं काम. तीन आठवडे लागले.

सुरुवात सगळे करतात तिथूनच मी केली, फॉन्टपासून. 'कलम' नावाचा देवनागरी फॉन्ट आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. हाताने भरभर लिहिल्यासारखा, जरा उजवीकडे झुकलेला. उतरवला, चार्टवर क्लिक करून सगळ्या अक्षरांना लावला. अक्षरं छानच दिसली, पण खाली स्तंभ तसेच करकरीत. कोट-टाय घातलेल्या माणसाच्या पायात स्लिपर असावी तसं काहीतरी. उलट आता तो चार्ट लाडात येऊन खोटं बोलतोय असं वाटायला लागलं. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली तर तिथे तो फॉन्ट नव्हता, अक्षरं पुन्हा साधी. त्यावर उपाय सोपा आहे, बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवायचं, फॉन्ट फाइलच्या पोटात जातो.

मग रेघांकडे वळलो. माझ्या लॅपटॉपवर एक्सेल २०१६ आहे. लेकीच्या लॅपटॉपवर कॉलेजकडून मिळालेलं ३६५. तिच्याकडे चौकोन काढून त्याच्या आउटलाइनच्या यादीत गेलं की 'स्केच्ड' म्हणून एक पर्याय दिसतो, त्यात पुन्हा प्रकार: कर्व्ह्ड, फ्रीहँड, स्क्रिबल. माझ्याकडे तो पर्यायच नाही. तिच्याकडे आहे, पण तो आकृत्यांना लागतो, चार्टमधल्या स्तंभांना लागेना. त्यावर तोडगा जुनाच निघाला. आधी शीटवर वाकड्या कडेचा चौकोन काढायचा, कॉपी करायचा, मग चार्टमधल्या स्तंभावर क्लिक करून पेस्ट करायचं. स्तंभाच्या आत त्या चौकोनाचं चित्र भरलं जातं. हे इतकं सहज झालं की मी तेवढ्यावरच उठून चहा ठेवला.

चहा घेऊन परत बसलो तर खोट दिसली. एप्रिलच्या स्तंभाला डावीकडे वर जो बाक होता, तोच मार्चला, तोच मे ला, तोच जूनला. जत्रेतल्या साच्याचे गणपती. हाताने काढलेल्या दोन रेघा कधी सारख्या नसतात हे माणसाच्या डोळ्याला इतकं पक्कं ठाऊक असतं की एकच वाकडेपणा चारदा दिसला की सरळ रेघेपेक्षाही ते जास्त यांत्रिक वाटतं. शिवाय मार्चचा तुकडा मे च्या निम्म्या उंचीचा, त्यामुळे तेच चित्र तिथे दाबून बसवलेलं. कडेची लहर चेपून दातेरी झालेली. चित्र ताणायचं की एकावर एक रचायचं हे फॉरमॅटमध्ये निवडता येतं, पण रचलं की मधे सांधा दिसतो. एक क्लिक केला की रंगाचे सगळे तुकडे निवडले जातात, त्यातल्या एकावर थांबून पुन्हा क्लिक केला की तो एकटा निवडला जातो. म्हणजे प्रत्येकाला वेगळं चित्र देता येतं. पण तशी चार वेगळी चित्रं, आपापल्या मापाची, आणायची कुठून हा प्रश्न उरला. तो पुढे अनपेक्षित माणसाने सोडवला.

तोवर लेकीला माझी दया आली असावी. "बाबा, काय करून राहिले तुम्ही? हे तीन ओळींचं काम आहे," म्हणून तिने पायथॉन उघडलं, ही प्रोग्रामिंगची एक भाषा. मॅटप्लॉटलिब नावाची आलेख काढायची लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, तिच्यासाठी आहे, तिच्यात २०१३ पासून 'एक्सकेसीडी' याच नावाचं एक फंक्शन आहे. रॅन्डल मन्रो यांच्या त्या नावाच्या वेबकॉमिकमधल्या आलेखांसारखं रूप त्याने येतं. त्याला तीन आकडे देता येतात: रेघ आडवी किती हलावी, एक लहर किती लांब असावी, आणि त्या लांबीत किती चढउतार असावा. काही दिलं नाही तर १, १०० आणि २. तिने फाइल वाचली, फंक्शन चालवलं, आणि खरोखर, माझ्या आठवड्याचं काम दहा सेकंदांत पडद्यावर. रेघांचं वळण पाहून मला हेवा वाटला.

मग खाली नजर गेली. मे आणि जून तेवढे शाबूत. 'मार्च'चा रफार उतरून र आणि च यांच्यामध्ये पाय मोडून पडला होता. 'एप्रिल'चं जोडाक्षर सुटलेलं आणि वेलांटी र च्या अलीकडे यायची ती पलीकडे. 'फेब्रुवारी'बद्दल न बोललेलं बरं. कारण असं की देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. कोणाचा जोड कोणाशी, वेलांटी कुठे सरकवायची, हे ठरवणारा एक वेगळा टप्पा लागतो. ब्राउझरमध्ये, ऑफिसमध्ये तो असतो. तिच्याकडची लायब्ररी मात्र रोमन लिपीसारखी अक्षरं ओळीने मांडून मोकळी होत होती. लेक म्हणाली, महिने इंग्रजीत लिहू. मी म्हटलं, आपल्या नोटीस बोर्डावर पहिल्यांदा वाचतात त्या २०२वाल्या आजी, त्यांनी मार्च मोडलेला पाहिला तर पाण्याचं राहील बाजूला.

एक्सकॅलिड्रॉही पाहिलं, ब्राउझरमध्येच हातच्यासारखी चित्रं काढून देणारं साधन. शीटमधले दोन रकाने कॉपी करून तिथे पेस्ट केले की स्तंभ हवेत का रेघ हवी विचारतं आणि हाताने काढल्यासारखा आलेख समोर. घाईत एकदाच दाखवायचं असेल तर याच्याइतकं सोपं दुसरं नाही. पण एकदा काढलं की शीटशी नातं तुटतं, आकडा बदलला की पुन्हा पहिल्यापासून, आणि माझे एकावर एक तुकडे त्याला जमणारे नव्हते. परत एक्सेल.

काळी रेघ मी अशी केली. ती आता साध्या लाइन चार्टची न ठेवता स्कॅटर प्रकारची केली. स्तंभांच्या चार्टवर स्कॅटरची रेघ बसवली की पहिला महिना म्हणजे १, दुसरा म्हणजे २, असं आडवं माप धरता येतं. मग दोन महिन्यांच्या मधे नऊ बिंदू घातले, १.१, १.२ असे, आणि प्रत्येक बिंदूच्या उंचीत रँड फंक्शनने थोडा गोंधळ मिसळला. रँड ० ते १ मधला कुठलाही आकडा देतं. त्यातून अर्धा वजा केला की कधी वर कधी खाली. पहिला निकाल कार्डिओग्रामसारखा. प्रत्येक बिंदू शेजाऱ्याला न विचारता उडत होता. गोंधळ कमी केला तर रेघ नुसती खरबरीत दिसे, वाढवला तर घाबरलेली. शेवटी 'स्मूथ्ड लाइन'वर टिक करून, गोंधळ बेताचा ठेवून, बरं दिसतंय असं स्वतःला पटवलं आणि दोन प्रती छापल्या, ए विंगला एक, बी विंगला एक. मधे फक्त शीर्षकातलं विंगचं अक्षर बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बी विंगचे दोघं. "तिकडच्या कागदावर एप्रिलचं पाणी जास्त आहे अन् आमच्याकडे कमी. एकाच टाकीचं पाणी आहे ना बाप्पा?"

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. खरंच होतं. रँडचा स्वभाव असा की शीटमधला कुठलाही सेल बदलला की तो नवा आकडा टाकतो. मी ए चा बी केला, एवढ्यात सगळी रेघ नव्याने हलली होती. त्यातही मी गोंधळ सरसकट सगळ्या बिंदूंत मिसळलेला, महिन्याच्या मूळ बिंदूतसुद्धा. मीटरवरून घेतलेला, वादच नसलेला आकडा, मी स्वतःच्या हाताने पातळ केला होता. शोभेसाठी.

तळमजल्यावर एक काकाजी राहतात, निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्य ट्रेसिंग पेपरवर वाकून गेलेलं. आता हाताला थोडा कंप आहे, पेपरातलं कोडं सोडवताना पेन दोन्ही हातांनी धरतात. बी विंगचे लोक गेल्यावर ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी कागद मागितला. बराच वेळ पाहिला.

"ही रेघ कोण्या माणसानं नाही काढली."

"कॉम्प्युटरवरच केली काकाजी."

"ते नाही म्हणत मी. हातानं काढलेली रेघ अशी मधातच थरथरत नाही. थांब." त्यांनी कागदाच्या कोऱ्या बाजूला दोन ठिपके दिले, वीतभर अंतरावर. पेन पहिल्या ठिपक्यावर टेकवलं, पण नजर दुसऱ्या ठिपक्यावर. आणि ओढलं. हात कापत होता, रेघ नाही. मधे किंचित वर फुगली, धनुष्यासारखी, आणि नेमकी दुसऱ्या ठिपक्यावर जाऊन बसली. "जिथं जायचं तिथं नजर राहते. मधात रेघ पोट काढते, काढू दे. टोकं नाही हलली पाहिजे. टोक हललं त साइटवर भिंत हलते."

मग त्यांनी एक चौकोन काढला आणि कोपऱ्यात रेघा एकमेकींना ओलांडून दोन-तीन मिलिमीटर पुढे जाऊ दिल्या. "कोपरा असा ओलांडायचा. म्हणजे पाहणाऱ्याले समजते, इथं दोन रेघा भेटल्या. अर्धवट सोडला त तो कोपरा नाही, फट आहे." आणि एकदा काढलेल्या रेघेवरून पुन्हा हलका हात फिरवला, दुसरी रेघ पहिलीला कुठे चिकटून, कुठे सुटी.

आमची लेक नंतर सांगत होती की एक्सकॅलिड्रॉच्या मागे जी रफ जेएस नावाची लायब्ररी आहे तीही प्रत्येक रेघ दोनदा काढते, आणि तिच्यात खरबरीतपणाचा एक आकडा असतो आणि रेघेने पोट किती काढावं याचा वेगळा, त्याला 'बोइंग' म्हणतात. विमानाशी संबंध नाही, 'बो' म्हणजे धनुष्य. काकाजींना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, कोणीतरी शिकून राहिलं.

त्या रात्री मी सूत्र बदललं. दोन महिन्यांच्या मधल्या अंतराला ० ते १ धरायचं आणि त्याला पाय ने गुणून साइन घ्यायचा. साइन दोन्ही टोकांना शून्य होतो आणि मधोमध सगळ्यात मोठा. रँडचा सगळा गोंधळ त्या साइनने गुणायचा. म्हणजे मार्चच्या बिंदूवर हालचाल शून्य, एप्रिलच्या बिंदूवर शून्य, मधे मात्र रेघ हवी तशी पोट काढणार. मधले बिंदूही नवावरून तीनवर आणले. बिंदू कमी तितकी लहर लांब आणि निवांत. मग रँडचे सगळे आकडे कॉपी करून 'पेस्ट स्पेशल'मधून नुसत्या किमती म्हणून पेस्ट केले, की झाली रेघ गोठून. आता ए चा बी करा नाहीतर ज्ञ करा, हलणार नाही. याच रेघेची दुसरी प्रत वेगळ्या रँडने, बारीक आणि अर्धी पारदर्शक, मागे लावली. अक्षाच्या मूळ रेघा बंद केल्या आणि चार्ट निवडलेला असतानाच लेकीच्या लॅपटॉपवर दोन स्केच्ड रेघा त्यात घातल्या, कोपऱ्यात ओलांडून गेलेल्या. चार्ट निवडून मगच आकृती घातली तर ती चार्टचाच भाग होते, चार्ट हलवला की सोबत जाते. न निवडता घातली तर चार्ट हलतो आणि रेघा जागीच राहतात, मी ते दोनदा केलं.

रात्री साडेअकराला सगळं तयार झालं आणि मग मी मूर्खासारखा त्या सुंदर वाकड्या काळ्या रेघेकडे बघत बसलो. ती तर मोजलेली होती. फेब्रुवारीपासून मे पर्यंत, दर आठवड्याला मीटर वाचून. तिला वाकडी काढायचं कारण काय? जिन्यात पावतीच्या पाठीवर ३०१वाल्यांनी जे खोडलं ते नारिंगी होतं. पाण्याच्या रेघेला त्यांनी हात लावला नव्हता.

मग मी फेब्रुवारी ते मे पट्टीसारखी सरळ केली. जून तेव्हा यायचा होता, म्हणून मे पासून जूनपर्यंतचा शेवटचा तुकडा तेवढा वाकडा ठेवला. निळा भाग सरळ कडांचा, सपाट रंगाचा. तीन आठवड्यांत शिकलेलं सगळं वाकडेपण नारिंगी तुकड्यांत आणि त्या एका टोकात मावलं.

नारिंगी तुकड्यांचं काम काकाजींनी केलं. मी म्हटलं, मला चार हॅचिंग केलेले, तिरक्या रेघांनी भरलेले चौकोन हवेत, फोटो काढून स्तंभात भरायचे आहेत. हे २०१६ वरही होतं, फिलमध्ये पिक्चर निवडायचं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माप काय?" मी गोंधळलो. "अरे, ताणणार असशील त हॅचिंग फाकते." चेपलेल्या दातेरी कडेवर मी दोन दिवस घालवले होते, त्यांनी न बघता ओळखलं. पडद्यावरचे चारही तुकडे पट्टीने मोजून, त्याच प्रमाणात चार चौकोन त्यांनी काढले, पंचेचाळीस अंशांत तिरक्या रेघा, नारिंगी पेन्सिलने, दोन बैठकींत. रेघा अधूनमधून कडेबाहेर गेल्या होत्या. मी म्हटलं, ते कापू का. "कापू नको."

फोटो काढला, पांढरा रंग पारदर्शक केला, प्रत्येक तुकड्यात आपापला भरला. आकडा जरा वरखाली झाला तर थोडं ताणलं जातं, तेवढं डोळ्याला जाणवत नाही.

लेकीने मधे एक शोधनिबंध काढून दाखवला. २०१२ चा, लंडनच्या सिटी विद्यापीठातले जो वूड आणि त्यांचे सहकारी. अशा हाताने काढल्यासारख्या आलेखांवर त्यांनी लोकांच्या चाचण्या घेतल्या होत्या. आलेख उघडच हातचा वाटला तर लोक त्यात जास्त गुंततात आणि त्यावर शेरे लिहायला जास्त राजी असतात असं त्यात दिसलं. मला आनंद झाला, जिन्यातल्या दोन मिनिटांना लंडनची साक्ष मिळाली. पण त्यातच हेही होतं की क्षेत्रफळांची तुलना करताना लोक अशा चित्रात जास्त चुकतात. कोणता तुकडा कोणाच्या दुप्पट हे वाकड्या कडेवरून नीट कळत नाही. म्हणून मी तुकड्यांवर आकडे लिहिले, पण ३,१२० नाही. 'अडीच ते साडेतीन हजार, बहुधा'. अकाउंट्सच्या माणसाला 'बहुधा' छापताना काय होतं ते दुसऱ्या अकाउंट्सच्या माणसालाच कळेल.

मे च्या तिसऱ्या आठवड्यात कागद बोर्डावर लागला, शेजारी दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. दोन दिवस काही नाही. मग कोणीतरी एप्रिलच्या नारिंगी भागावर बाण काढून लिहिलं, 'आमचा १ बंद आहे'. मग '४०४ एसी, कूलर नाही'. '१०३ - मुलं पुण्याला, १ च चालतो'. २०२वाल्या आजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं की वाळ्याची ताटी लावली की पाणी कमी लागतं, आणि खाली ताटी कुठे मिळते तेही, इतवारीतल्या दुकानासकट. निळ्या भागावर कोणी पेन्सिल टेकवली नाही. काळ्या रेघेवरही नाही. फक्त तिच्या वाकड्या शेवटापाशी कोणीतरी ढग काढून ठेवला होता.

याच सुमारास सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "मेंटेनन्सच्या थकबाकीचा चार्ट पण असाच बनवा ना. लोकायले कडक वाटत नाही." मी नाही म्हटलं. कोणाकडे किती बाकी आहे ते पावतीबुकात पैशापर्यंत लिहिलेलं आहे. त्याला पेन्सिलची कड दिली की उद्या पेन्सिलने कोणी ते खोडेल आणि मला बोलायला तोंड राहणार नाही. ते जरा नाराज झाले. आमच्याकडे नाराजी मीटिंगच्या चहात साखर कमी पडण्यापर्यंत जाते, त्यापुढे नाही.

मी बोर्डावरचे शेरे उतरवून घेतले. चाळीसातले सात कूलर गळाले, राहिले तेहेतीस. तेहेतीस गुणिले ७८ करायला बसणार तोच कागदाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात एक ओळ दिसली, ओळखीच्या अक्षरात, नाव न लिहिता: 'बादली १३ ची नाही. उलटी करून बघा.'

घरी जाऊन बादली उलटी केली. बुडाला प्लॅस्टिकमध्येच उठवलेलं होतं, १६.

"सांगायचं होतं ना आधीच," मी म्हटलं.

"तुम्ही छापून आणलं होतं," आतून उत्तर आलं. "मला वाटलं, मोजलं असेल."

सहा बादल्या, सोळा लिटरच्या, ९६. तेहेतीस कूलर. मी कॅल्क्युलेटर दोनदा दाबला. ३,१६८.

पुढच्या मीटिंगला टँकर पाच मिनिटांत मंजूर झाला. ३०१वाल्यांनी नवा कागद आणि एप्रिलचा घडी घातलेला जुना कागद शेजारी धरले, जुन्यावरचे वीस पाहिले, माझ्याकडून अडुसष्ट ऐकले आणि मला विचारलं, "मग इतके दिवस भांडलो कायच्यासाठी?" काकाजींनी त्यांच्या हातातून नवा कागद घेतला, चष्मा लावला आणि आपलं हॅचिंग तपासायला लागले.